रिकाम्या अध्यक्षपदाचा भार : नरहरी झिरवळ आणि विधानसभेचे उपाध्यक्षपद

महाराष्ट्र विधानसभेचे उपाध्यक्षपद हे राज्याच्या राजकारणात फारसे मोलाचे मानले जात नाही. मंत्रिमंडळ बनवताना ज्या विभागाच्या, ज्या समाजाच्या किंवा ज्या घटक पक्षाच्या पदरी कमी पडले असेल, त्याचे समाधान करण्यासाठी हे पद राखून ठेवलेले असते, असा समज आमदारांपासून वार्ताहरांपर्यंत सर्वत्र रूढ आहे आणि तो अगदीच निराधार नाही. राज्यघटनेने मात्र या पदाकडे वेगळ्या नजरेने पाहिले आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीचे आमदार नरहरी झिरवळ १४ मार्च २०२० रोजी या पदावर बिनविरोध निवडून आले आणि चौदावी विधानसभा संपेपर्यंत, म्हणजे २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत, त्या पदावर राहिले. या साडेचार वर्षांत घटनेचा मजकूर आणि राजकारण्यांचा समज यांतील अंतर जितके उघडे पडले, तितके राज्याच्या स्थापनेपासून क्वचितच पडले असेल. म्हणून झिरवळ यांची कारकीर्द एका व्यक्तीच्या चढत्या आलेखापुरती मर्यादित राहत नाही. डोंगराळ, आदिवासी मतदारसंघातून आलेला लोकप्रतिनिधी पीठासीन अधिकारी होतो, तेव्हा त्याला काय मिळते आणि काय गमवावे लागते, हे समजून घेण्यासाठी ती उपयोगी पडते. सभागृहाच्या आसनावर बसून कामकाज चालवणाऱ्यास पीठासीन अधिकारी म्हणतात, मग तो अध्यक्ष असो, उपाध्यक्ष असो वा त्यांच्या गैरहजेरीत आसनावर बसणारा तालिका अध्यक्ष.

ज्या भूमीतून झिरवळ आले, तिची रचना आधी ध्यानात घ्यावी लागते. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे पंधरा मतदारसंघ असून त्यांपैकी दिंडोरी, कळवण, बागलाण आणि इगतपुरी हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. सध्याच्या दिंडोरी मतदारसंघात दिंडोरी आणि पेठ हे दोन तालुके येतात आणि या दोहोंचे अर्थकारण एकमेकांपासून पुष्कळ भिन्न आहे. दिंडोरीचा पूर्व भाग हा द्राक्षांचा, धरणांच्या कालव्यांचा आणि निर्यातीचा मुलूख आहे. करंजवण, पालखेड, वाघाड, ओझरखेड ही धरणे याच तालुक्यातली आणि सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनीही याच तालुक्यातील मोहाडी गावची. पश्चिमेकडे सरकावे तसतशी जमीन डोंगराळ होत जाते, द्राक्षाची जागा भात, नागली आणि वरई घेतात, आणि पेठ तालुक्यात पावसाळ्यात धो धो कोसळणारे पाणी दमणगंगेच्या खोऱ्यातून गुजरातकडे निघून गेल्यावर उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टंचाई उभी राहते. पश्चिमेचा मजूर पूर्वेच्या द्राक्षबागेत छाटणीला आणि काढणीला उतरतो. म्हणजे एकाच आमदाराला बागायतदार आणि त्याच्या बागेतील मजूर, धरणाच्या लाभक्षेत्रातील शेतकरी आणि धरण उशाला असून कोरडा राहिलेला पाडा, अशा परस्परविरोधी गरजांच्या मतदारांना सामोरे जावे लागते. झिरवळ यांचे गाव वनारे हे दिंडोरी तालुक्यातले. डोक्यावर गांधी टोपी, साधा पांढरा पेहराव आणि लग्नसमारंभात संबळाच्या ठेक्यावर सपत्नीक धरलेला ताल, यामुळे दूरचित्रवाहिन्यांनी त्यांची प्रतिमा काहीशी गमतीच्या अंगाने रंगवली. त्या प्रतिमेमागचा निवडणुकीचा इतिहास मात्र चांगलाच खडतर आहे.

राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाच्या वतीने ते २००४ साली पहिल्यांदा विधानसभेत पोहोचले. २००९ मध्ये शिवसेनेचे धनराज महाले यांनी त्यांचा शे-दीडशे मतांच्या फरकाने पराभव केला. लाखाहून अधिक मतदान झालेल्या लढतीत हा फरक नगण्य म्हणावा असा होता. २०१४ मध्ये त्यांनी ही जागा परत मिळवली, २०१९ मध्ये मोठ्या मताधिक्याने राखली आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकली. अशा मतदारसंघात टिकून राहणारा आमदार पक्षाला भरवशाचा वाटतो. पण २०१९ च्या नोव्हेंबरात या भरवशाचीच परीक्षा झाली. २३ नोव्हेंबर रोजी पहाटे भाजपचे देवेंद्र फडणवीस आणि राष्ट्रवादीचे अजित पवार यांचा शपथविधी झाला, तेव्हा राष्ट्रवादीच्या ज्या मोजक्या आमदारांना दिल्लीजवळच्या गुरुग्राम येथील हॉटेलात नेण्यात आले होते, त्यांत झिरवळ होते. पुढे ते पक्षात परतले आणि ते सरकार चार दिवसांत कोसळले. त्यानंतर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचे सरकार आले आणि त्यात काँग्रेसकडे अध्यक्षपद आणि राष्ट्रवादीकडे उपाध्यक्षपद अशी वाटणी झाली. नाना पटोले १ डिसेंबर २०१९ रोजी अध्यक्ष झाले, आणि जवळजवळ पंधरा आठवड्यांनंतर उपाध्यक्षपदी झिरवळ यांची निवड झाली. त्याच दिवशी करोनाच्या सावटामुळे अर्थसंकल्पीय अधिवेशन गुंडाळावे लागले.

येथे घटनेतील तरतुदींकडे वळावे लागते, कारण पुढचे सर्व वाद त्यांतूनच उद्भवले. अनुच्छेद १७८ प्रमाणे प्रत्येक राज्याची विधानसभा आपल्यातील दोन सदस्यांना अनुक्रमे अध्यक्ष व उपाध्यक्ष म्हणून निवडते. उपाध्यक्ष अध्यक्षांचा दुय्यम अधिकारी नसतो. त्याची निवड अध्यक्ष करत नाहीत, त्याला काढण्याचा अधिकारही अध्यक्षांना नाही, आणि अध्यक्षांना राजीनामा द्यायचा असेल तर तो ते मुख्यमंत्र्यांकडे वा राज्यपालांकडे देत नाहीत, उपाध्यक्षांकडे देतात. अनुच्छेद १८० त्याहून महत्त्वाचा आहे : अध्यक्षांचे पद रिकामे असेल, तर त्या पदाची सर्व कर्तव्ये उपाध्यक्ष पार पाडतो. कर्तव्यांतील काही निवडक कर्तव्ये, असे घटना म्हणत नाही. पद रिकामे नसून अध्यक्ष केवळ बैठकीला गैरहजर असतील, तर उपाध्यक्षाचा अधिकार त्या बैठकीपुरता असतो. पण पदच रिकामे झाले की प्रश्न स्वीकारणे वा नाकारणे, सदस्यांच्या बेशिस्तीवर निर्णय देणे, गटनेत्यांना मान्यता देणे आणि पक्षांतराच्या अर्जांवर न्यायनिवाडा करणे, हे सारे त्याच्याकडे येते. गटनेता म्हणजे विधिमंडळातील पक्षाच्या सदस्यांचा नेता. पक्षादेश, म्हणजे मतदान कसे करावे याविषयीची पक्षाची आज्ञा, सदस्यांपर्यंत पोहोचवणाऱ्यास प्रतोद म्हणतात.

हे सारे लिखित स्वरूपात कितीही स्पष्ट असले, तरी उपाध्यक्षाकडे अध्यक्षपदाचा भार राहिलाच तर तो आठवड्या-दोन आठवड्यांपुरता असेल, असे गृहीत धरूनच राजकीय पक्ष ही नेमणूक करतात. महाराष्ट्रात ते गृहीतक ४ फेब्रुवारी २०२१ रोजी मोडले. काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपद स्वीकारण्यासाठी पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले, आपला राजीनामा झिरवळ यांच्याकडे सुपूर्द केला आणि त्यानंतर तब्बल सतरा महिने राज्याला विधानसभा अध्यक्षच नव्हता. या रिकाम्या काळाची कारणे पाहिली, तर आघाडीतील तीन पक्षांची धास्ती प्रामुख्याने दिसते. अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाने होत असे आणि गुप्त मतदानात आपलीच मते फुटली, तर सरकारचे बहुमत संशयास्पद ठरेल, ही भीती होती. म्हणून २०२१ च्या हिवाळी अधिवेशनात नियम बदलून ही निवड उघड मतदानाने करण्याची तरतूद करण्यात आली; परंतु निवडणुकीची तारीख निश्चित करण्याचा अधिकार राज्यपालांचा असल्यामुळे आणि राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी या बदलालाच आक्षेप घेतल्यामुळे निवडणूक झाली नाही. राज्यपालांची कृती घटनेच्या चौकटीत बसत होती की नाही, हा वेगळा वाद आहे. मात्र दोन्ही बाजूंनी अध्यक्षपद रिकामे ठेवण्यात आपापला लाभ पाहिला, एवढे निश्चित म्हणता येते. त्या लाभाचा जो भार होता, तो दिंडोरीच्या आमदाराच्या खांद्यावर आला.

याच काळात ५ जुलै २०२१ रोजी भारतीय जनता पक्षाच्या बारा आमदारांना एका वर्षासाठी निलंबित करण्यात आले. त्या वेळी आसनावर तालिका अध्यक्ष भास्कर जाधव होते आणि गैरवर्तनाचा आरोपही त्यांच्याशी झालेल्या वादातून उद्भवला होता, त्यामुळे झिरवळ यांचा त्या ठरावाशी संबंध अप्रत्यक्ष होता. तरीही या प्रकरणाचा निकाल पीठासीन अधिकाऱ्यांच्या अधिकाराची सीमा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हे निलंबन, अधिवेशनाच्या मुदतीपलीकडे जाणाऱ्या भागापुरते, घटनाबाह्य ठरवले. एखादा सदस्य परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिला तर सभागृहाला त्याची जागा रिकामी झाल्याचे जाहीर करता येते आणि रिकाम्या जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेण्याची कायद्याची अपेक्षा असते; वर्षभर निलंबित राहिलेल्या सदस्याची जागा मात्र रिकामीही होत नाही आणि भरलीही जात नाही, म्हणजे मतदारसंघालाच शिक्षा होते, असा न्यायालयाच्या युक्तिवादाचा गाभा होता.

खरी कसोटी २०२२ च्या जूनमध्ये आली. २० जून रोजी विधान परिषदेची निवडणूक आटोपताच एकनाथ शिंदे शिवसेनेच्या आमदारांना घेऊन सुरतला आणि तेथून गुवाहाटीला गेले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या पक्षाने शिंदे यांना गटनेतेपदावरून दूर करून अजय चौधरी यांची नेमणूक केली आणि त्या नेमणुकीस उपाध्यक्षांनी मान्यता दिली. पाठोपाठ शिंदे गटातील सोळा आमदारांविरुद्ध अपात्रतेचे अर्ज दाखल झाले आणि २५ जून रोजी झिरवळ यांनी नोटिसा काढून त्यांना २७ जूनच्या सायंकाळपर्यंत लेखी उत्तर देण्यास सांगितले. हे अर्ज घटनेच्या दहाव्या अनुसूचीखालील होते. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेली ही अनुसूची पक्षांतरबंदी कायदा या नावाने ओळखली जाते आणि अपात्रतेचा निर्णय ती न्यायालयाकडे न देता सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्याकडे देते. १९९२ साली किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली, पण त्याच वेळी असा निर्णय देताना पीठासीन अधिकारी न्यायाधिकरणाच्या भूमिकेत असतो आणि म्हणून त्याचा निर्णय न्यायालयीन पुनर्विलोकनाला पात्र ठरतो, असेही स्पष्ट केले.

शिंदे गटाचे म्हणणे दोन मुद्द्यांवर उभे होते. महाराष्ट्राच्या १९८६ च्या अपात्रता नियमांनुसार उत्तरासाठी सात दिवसांची मुदत द्यायला हवी असताना ती दोन दिवसांवर का आणली, हा पहिला मुद्दा. आणि दुसरा अधिक पेचाचा होता. या आमदारांनी उपाध्यक्षांवरच अविश्वास व्यक्त करणारी, त्यांना पदावरून दूर करण्याची सूचना दिली होती, आणि अशी सूचना प्रलंबित असताना पीठासीन अधिकाऱ्याने अपात्रतेचा निवाडा करू नये, असा अरुणाचल प्रदेशातील नबाम रेबिया खटल्याचा २०१६ चा निकाल होता. झिरवळ यांनी ही सूचना ग्राह्य धरली नव्हती, कारण ती एका अनोळखी व्यक्तीच्या ई-मेल खात्यावरून आली होती आणि तिच्यावरील सह्यांची सत्यता पटत नव्हती, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याविरुद्धच्या सूचनेची सत्यता आपणच ठरवणारा अधिकारी स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होत नाही काय, हा प्रश्न न्यायालयात विचारला गेला आणि त्याचे समाधानकारक उत्तर देणे अवघड होते. त्याच वेळी उलटा प्रश्नही तितकाच रास्त आहे : अपात्रतेची टांगती तलवार असलेल्या कोणत्याही गटाने केवळ एक सूचना धाडून पीठासीन अधिकाऱ्याचे हात बांधावेत, हे घटनाकारांना अभिप्रेत असेल काय? अनुच्छेद १७९ मध्ये अध्यक्ष वा उपाध्यक्षाला दूर करण्यासाठी चौदा दिवसांची पूर्वसूचना आणि सभागृहाच्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताचा ठराव आवश्यक मानला आहे. या चौदा दिवसांचा उपयोग सरकार पाडण्यापुरता होऊ शकतो, हे महाराष्ट्रात दिसून आले.

२७ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सुटीकालीन खंडपीठाने उत्तर देण्याची मुदत १२ जुलैपर्यंत वाढवली आणि व्यवहारात प्रकरणाचा निकाल तेथेच लागला. राज्यपालांनी ३० जूनला बहुमत चाचणी घेण्यास सांगितले, ठाकरे यांनी २९ जूनच्या रात्री राजीनामा दिला, ३० जून रोजी शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि जी अध्यक्षपदाची निवडणूक सतरा महिने होऊ शकली नव्हती, ती नव्या सरकारच्या काळात तीनच दिवसांत झाली. ३ जुलै २०२२ रोजी झालेल्या या निवडणुकीच्या वेळी आसनावर झिरवळ होते. शिरगणतीने झालेल्या मतदानात सत्ताधारी बाजूच्या राहुल नार्वेकर यांना १६४ आणि ठाकरे गटाच्या राजन साळवी यांना १०७ मते मिळाली आणि झिरवळ यांच्याकडील अध्यक्षपदाचा भार संपला. अपात्रतेचे अर्ज नार्वेकरांकडे गेले.

११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दिलेल्या निकालात नबाम रेबिया निकालाचा फेरविचार सात न्यायमूर्तींच्या मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला, राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावण्यास पुरेसा आधार नव्हता असे म्हटले गेले, आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळातील गटाचा नसून मूळ राजकीय पक्षाचा असतो, म्हणून शिंदे गटाच्या प्रतोदास नव्या अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदेशीर ठरवण्यात आली. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्यामुळे जुनी स्थिती परत आणता येत नाही, असेही न्यायालयाने सांगितले. नार्वेकर यांनी १० जानेवारी २०२४ रोजी दिलेल्या निर्णयात कोणत्याही गटाचा आमदार अपात्र ठरला नाही. ज्या उपाध्यक्षावर अविश्वास दाखवून ही लढाई सुरू झाली, त्याला पदावरून काढण्याचा ठराव मात्र नव्या बहुमताने कधीही सभागृहात आणला नाही. आणि २ जुलै २०२३ रोजी अजित पवार सरकारमध्ये सामील झाले, तेव्हा झिरवळ त्यांच्या बाजूला उभे होते.

पीठासीन अधिकाऱ्याने पक्षांतराच्या अशा लाटेत उघडपणे एका बाजूला जावे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. ब्रिटनमध्ये सभापती पदावर बसताच पक्षाचा त्याग करतात आणि बहुधा प्रमुख पक्ष त्यांच्या विरोधात उमेदवार देत नाहीत. आपल्या दहाव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदात तशीच मुभा आहे : अध्यक्ष वा उपाध्यक्ष म्हणून निवड झाल्यामुळे कोणी पक्षाचे सदस्यत्व सोडले, तर तो अपात्र ठरत नाही आणि पद सोडल्यावर तो पक्षात परतू शकतो. नीलम संजीव रेड्डी यांनी १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर, म्हणजे ही तरतूद येण्याच्या कितीतरी आधी, पक्ष सोडला होता. पण ही मुभा आपल्याकडे जवळजवळ कोरीच राहिली आहे, आणि त्यासाठी एकट्या झिरवळ यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. पुढच्या निवडणुकीत त्याच पक्षाचे चिन्ह मागायचे असेल आणि मतदारसंघातील पाझर तलावापासून आश्रमशाळेपर्यंतची कामे सत्ताधाऱ्यांकडूनच मंजूर करून घ्यायची असतील, तर पक्षत्यागाचे धाडस शहरी, सुस्थितीतल्या मतदारसंघाचा आमदारही करत नाही. राखीव, डोंगराळ मतदारसंघाच्या आमदाराकडून त्याची अपेक्षा धरणे म्हणजे वास्तवाकडे डोळेझाक करणे होय.

उलट, अशा आमदाराला या पदाची किंमत अधिक मोजावी लागते. सामान्य सदस्य तारांकित प्रश्न विचारतो, लक्षवेधी सूचना मांडतो, म्हणजे तातडीच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधून उत्तर मागतो, आणि प्रसंगी सभागृहात धरणेही धरतो. आसनावर बसलेल्याला हे करता येत नाही. मतदानही तो पहिल्या फेरीत करत नाही, समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतो. उपाध्यक्ष आसनावर नसताना इतर सदस्यांप्रमाणे बोलू शकतो, पण अध्यक्षपद रिकामे असलेल्या काळात ती सवलतही व्यवहारात उरत नाही. शेजारच्या अकोले तालुक्याचे आदिवासी नेते मधुकर पिचड १९९५ नंतर विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. त्या पदावरून सरकारला धारेवर धरता येत होते. उपाध्यक्षाला तशी वाट नाही.

४ ऑक्टोबर २०२४ रोजी मंत्रालयात जे घडले, त्याचा अर्थ या संदर्भात लावावा लागतो. धनगर समाजाला अनुसूचित जमातींच्या सवलती देऊ नयेत आणि पेसा क्षेत्रातील रखडलेली भरती पूर्ण करावी, या मागण्यांसाठी झिरवळ व काही आदिवासी लोकप्रतिनिधींनी मंत्रालयाच्या आतील चौकात बांधलेल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. पेसा हा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा केंद्रीय कायदा. त्या क्षेत्रात, म्हणजे नाशिकमध्ये पेठ, सुरगाणा, कळवण आणि दिंडोरीच्या पश्चिमेसारख्या भागांत, तलाठी, शिक्षक, आरोग्य कर्मचारी अशा संवर्गांतील जागा स्थानिक आदिवासींतूनच भरण्याचा निर्णय राज्याने घेतला होता. आंध्र प्रदेशातील अशाच शंभर टक्के आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घटनाबाह्य ठरवल्यानंतर महाराष्ट्रातील भरतीही न्यायालयीन वादात अडकली आणि निवड झालेले उमेदवार नियुक्तीची वाट पाहत राहिले. त्यांच्यासाठी माजी आमदार जे. पी. गावित नाशिकमध्ये उपोषणाला बसले होते. घटनेने सभागृहाच्या प्रतिष्ठेचा राखणदार मानलेल्या व्यक्तीने मंत्रालयात जाळीवर उडी मारावी, हे शोभणारे नव्हते, अशी टीका झाली आणि पदाच्या संकेतांच्या दृष्टीने ती बरोबर होती. पण सत्ताधारी आघाडीत असूनही, सभागृहाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या आसनावर असूनही, एका प्रशासकीय नियुक्तीसाठी ज्याला जाळीचा आधार घ्यावा लागला, त्याच्या पदात मान कितीही असला तरी अधिकार किती थोडा होता, हेही त्याच घटनेने दाखवले.

पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत झिरवळ पुन्हा निवडून आले. विधानसभा विसर्जित झाली तरी नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीपर्यंत अध्यक्षांचे पद टिकते, तशी सवलत घटनेने उपाध्यक्षाला दिलेली नाही; त्यामुळे जुन्या विधानसभेबरोबर त्यांचे ते पदही संपले. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात शपथ घेऊन ते कॅबिनेट मंत्री झाले आणि त्यांच्याकडे अन्न व औषध प्रशासन आणि विशेष साहाय्य ही खाती आली. म्हणजे उपाध्यक्षपद हे मंत्रिपदाच्या वाटेवरचा थांबा असते, हा आणखी एक समज त्यांच्या बाबतीत खरा ठरला. सतराव्या लोकसभेने आपला संपूर्ण कार्यकाळ उपाध्यक्ष न निवडताच काढला, त्या तुलनेत महाराष्ट्राची स्थिती बरी म्हणावी लागेल : नव्या विधानसभेने चार महिने हे पद रिकामे ठेवले आणि २०२५ च्या मार्चमध्ये पिंपरी या राखीव मतदारसंघाचे राष्ट्रवादीचे आमदार अण्णा बनसोडे यांची त्यावर बिनविरोध निवड केली.